तिसऱ्या वर्षाचं टेबल

हल्ली आमच्या आरानीत पाव विजेच्या भट्टीत भाजतात. चांगला होतो, नाही असं नाही. पण ऑक्टोबरच्या शेवटी गल्लीतून जाताना निलगिरीच्या लाकडाचा धूर नाकात गेला नाही की मला चुकल्या-चुकल्यासारखं होतं, आणि मग हटकून दामियाना आठवते. दामियाना माझी भावजय, धाकट्या भावाची, सेवेरोची बायको. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिच्या हातची चव आजकालच्या पोरांना सांगून कळायची नाही, म्हणून मी सांगत नाही. तिच्याबद्दल मात्र सांगते, कारण जे सांगायचं आहे ते माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

ती वाकासची. वाकास म्हणजे वर डोंगरावरचं, बटाट्याचं गाव. आमचं आरानी खाली खोऱ्यातलं, पावाचं. आम्ही खालचे लोक स्वतःला फार शहाणे समजायचो. ती लग्न होऊन आली त्या आठवड्यात मी भट्टीपाशी सगळ्यांसमोर म्हटलं, बटाटे उकरणाऱ्या हाताला कणीक काय कळणार. नवी नवरी, गप्प बसेल असं वाटलं होतं. ती परातीतून मान वर न करता, मला थोरल्या बाईचा 'दोन्या' हा मान देऊन म्हणाली, "पाव नसला तर बटाट्यावर दिवस निघतो, दोन्या कासी. नुसत्या पावावर काढून दाखवा." माझी आई हसली. माझ्या आईनं हसणं म्हणजे आमच्या घरात सणच. त्या दिवसापासून दामियाना मला आवडायला लागली, पण हे तिला कळू द्यायला मी काही बावळट नव्हते.

तिचा खरा हात चालायचा तो वावा करताना. सगळ्या संतांच्या सणाला मेलेल्यांसाठी आम्ही कणकेची बाळं करतो, त्या वावा. बाकीच्या बायका बाजारातून रंगवलेले मातीचे चेहरे आणून कणकेत दाबायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. दामियाना चेहरा बोटांनी काढायची. दोन लवंगा डोळ्यांना, नाकाला एक चिमटा, आणि बघता बघता गावातलं कोणीतरी तुमच्याकडे बघायला लागायचं. एका वर्षी तिनं नकळत खाटीक एलिओदोरोच काढला, दुहेरी हनुवटीसकट. त्याच्या बायकोनं ती वावा विकत नेली आणि वर्षभर कपाटावर ठेवली. नवरा ओरडायला लागला की म्हणे ती वावाकडे तोंड करून उत्तर द्यायची. अशा गोष्टींवर आम्ही भट्टीपाशी पोट धरून हसायचो. दामियाना हसताना आवाज करायची नाही, नुसती खांद्यांनी हसायची, आणि पिठानं पांढरे झालेले हात वर धरायची, घागऱ्याला लागू नयेत म्हणून. काय दिवस होते ते.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा माझे वडील वारले. त्याच्या पुढच्या वर्षी, जुलैत, ते झालं.

सेवेरो ऊस तोडायला सांताक्रूझकडे गेला होता. सकाळी दामियाना कणकेची परात उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. चेहरा कणकेसारखा झालेला. पोटात उजव्या बाजूला कोणी सुरी फिरवतंय म्हणाली, आणि मग खांदा दुखतोय म्हणाली. खांदा कशाला दुखतोय हे मला कळेना. मी पावाच्या ट्रकमध्ये पोत्यांवर तिला निजवलं आणि कोचाबांबाच्या दवाखान्यात नेलं. वाटेत दोनदा ती माझ्या मांडीवर बेशुद्ध पडली. मी रस्ताभर तिला शिव्या देत होते, डोळे उघड म्हणून. घाबरले की मला दुसरं काही येत नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण होता, पण नीट बोलला. म्हणाला, गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला, नळी फुटली, पोटात रक्त झालं. उजवी नळी काढली. डावी शाबूत आहे, पुढे मूल होऊ शकतं. आणखी तास गेला असता तर ही वाचली नसती. आणि कोणाच्या चुकीनं होत नाही हे, वजन उचलून नाही, घाबरून नाही, कशानं नाही. तिला दिवस गेलेत हे मला तेव्हा कळलं. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सेवेरो आल्यावर आधी त्याला सांगणार होती.

मग एक नर्स आली. वयानं मोठी बाई. हातात लहानसं ताट, वर पांढरं फडकं. हळूच म्हणाली, काही लोक नेतात, पुरतात. तुम्ही नेणार का?

मी नको म्हटलं.

का म्हटलं, हे मी आयुष्यभर स्वतःला विचारलंय. भीती वाटली हे एक. दुसरं असं की आमच्याकडे समज आहे, बाप्तिस्मा न झालेलं बाळ पोटातच गेलं आणि घरच्यांनी ते पुरलं, की आभाळ बिघडतं, गारा पडतात आणि सगळ्यांची शेतं झोपतात. मग गाव शोधत येतं, कोणाच्या घरचं म्हणून. मी म्हटलं, नकोच ते. नर्स ताट घेऊन गेली. दामियाना अजून शुद्धीवर नव्हती.

घरी आईचं म्हणणं तयारच होतं: गाठ होती, काढली. शेजारणी आल्या, त्यांनाही तेच. आई वाईट बाई नव्हती. सुनेच्या दाराशी गाव येऊ नये म्हणून ती भिंत घालत होती. सेवेरो पंधरा दिवसांनी आला, बायकोपाशी बसला, आणि मग अंगणात जाऊन एवढी लाकडं फोडली की ती नाताळपर्यंत पुरली. तोही गाठच म्हणायला लागला. बाळ झालं असतं तर दामियानाला चाळीस दिवस अंथरुणात ठेवलं असतं, कोंबडीचं कालवण पाजलं असतं, डोक्याला वारा लागू दिला नसता. गाठीला कसले चाळीस दिवस? तीन आठवड्यांनी ती भट्टीपाशी उभी होती.

काम करायची. पण खांद्यांनी हसणं गेलं. कणीक फुगायला ठेवली की तिच्याकडे बघत उभी राहायची, आणि मग एकदम तोंड फिरवून बाहेर जायची. पोटात जरा कळ आली की पांढरी पडायची, डाव्या बाजूला हात धरून बसायची, आणि कोणी विचारलं तर काही नाही म्हणायची. रस्त्यात पोटुशी बाई दिसली की ही पलीकडून जायची. परात मी उचलली म्हणून झालं का, हे मला शंभर वेळा विचारलं असेल. डॉक्टर नाही म्हणाला, हे मी शंभर वेळा सांगितलं. ते तिला पटायचं, संध्याकाळपर्यंत.

आणि दुसरं एक विचारायची. पीठ चाळता चाळता, मध्येच. "दोन्या कासी, कुठे ठेवलं असेल हो त्यांनी?"

मी म्हणायचे, मला काय माहीत.

ऑक्टोबरात वावांचं काम सुरू झालं. वडिलांचं दुसऱ्या वर्षाचं टेबल होतं. आमच्यात माणूस गेलं की तीन वर्षं त्याच्यासाठी टेबल मांडतात, पाव, फळं, चिचा म्हणजे मक्याची दारू, त्याच्या आवडीचं सगळं. लोक येतात, त्याच्यासाठी प्रार्थना म्हणतात, पाव घेऊन जातात. तीन वर्षं झाली की संपलं, आत्म्याला निरोप. दामियाना आईपाशी गेली आणि म्हणाली, बाबांच्या शेजारी एक छोटी वावा ठेवू का. आई म्हणाली, टेबल मेलेल्यांसाठी असतं. आई तेवढ्यावर थांबली असती. पण मी तिथे होते ना. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "गाठीला कोणी जेवायला बोलावतं का गं?"

दामियानानं माझ्याकडे पाहिलंही नाही. पीठ चाळायला गेली. मला वाटलं, बरं झालं, एकदा तोडून टाकलं म्हणजे विसरेल. काय अक्कल माझी.

आता त्या वर्षीचं सांगते, जे सांगायला मला अजूनही लाज वाटते. दोन नोव्हेंबरला दुपारी आत्मे परत गेले की आमच्या अंगणात धमाल असायची. निलगिरीच्या खांबांना उंच झोके बांधायचे, पोरी घागरे उडवत झोके घ्यायच्या, चिचाची घागर फिरायची, आणि वावांचा खोटा बाप्तिस्मा व्हायचा. खोटा पाद्री, खोटे आईबाप, खोटे गॉडफादर. पाद्री दरवर्षी मीच. वडिलांचा काळा कोट, गळ्यात कागदाची पट्टी, कांद्याच्या पातीनं चिचा शिंपडायची आणि लॅटिनसारखं काहीतरी बडबडायची. खरा पाद्री एकदा भिंतीआडून बघून हसत गेला होता. गावातल्या कोणाच्या भानगडी मी त्या बाप्तिस्म्यात काढल्या नाहीत? लोक लांबून यायचे माझं ऐकायला. आणि बाप्तिस्मा झाला की ती वावा मोडून सगळ्यांना वाटायची, ही रीत.

दामियाना एका कडेला बसली होती, हात मांडीवर. मला वाटलं, हिला हसवायचं. देवाशपथ सांगते, मनात वाईट काही नव्हतं. एवढे महिने मी तिचे खांदे हलताना पाहिले नव्हते आणि मला ते हवे होते. मी सगळ्यात मोठी वावा उचलली, तिच्या मांडीत ठेवली, आणि मोठ्यानं म्हटलं, ही बघा आई, सेवेरोच्या घरात एकदाचं बाळ आलं. लोक हसले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, त्यांच्या लेखी गाठ होती. आई हसली नाही. मी पात शिंपडली, बडबड केली, आणि मोडायला म्हणून हात पुढे केला.

दामियानानं वावा दिली नाही. दोन्ही हातांनी धरून बसली. मला वाटलं खेळतेय, मी ओढली. तेव्हा ती उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "एक माझ्या पोटातून कापून काढलं. ते कुठे ठेवलं, हे कोणी मला सांगत नाही. हे मी मोडू देणार नाही."

झोक्यावरची पोर पाय टेकून थांबली. दामियानानं पाठीवरचं रंगीत कापड सोडलं, वावा त्यात गुंडाळली, तान्हं बांधतात तशी पाठीला बांधली, आणि फाटकातून बाहेर पडून वाकासचा रस्ता धरला. सेवेरो मागे धावला. अंधार पडायच्या आत एकटाच परत आला. मी त्या कोटात तशीच उभी होते.

आठ दिवसांनी गारा पडल्या. नोव्हेंबरात पडतातच, पण त्या वर्षी मका झोपला आणि गुरुवारच्या बाजारात बायका आमच्या पावापाशी येऊन कुजबुजायला लागल्या. तेव्हा आई, जिनं चार महिने गाठ गाठ म्हटलं होतं, ती टोपली खाली ठेवून उभी राहिली. म्हणाली, माझ्या सुनेचं बाळ दवाखान्यात गेलं, सुईणीकडे जाऊन पाडलेलं नाही, लपवलं ते मी लपवलं, आणि गारा ज्याला माझ्या दारात मोजायच्या असतील त्यानं यावं. कोणी आलं नाही. घरी येऊन ती मला म्हणाली, "जा आणि तिला घेऊन ये. तू घालवलीस." खरंच होतं.

बटाट्याच्या रिकाम्या ट्रकमधून मी वर गेले. दामियाना तिच्या आईच्या अंगणात बटाटे निवडत बसली होती, बियाण्याचे एकीकडे, खायचे एकीकडे. मी आले म्हणून उठली नाही. मीही शेजारी बसून निवडायला लागले. वाटेत मी माफीचं भाषण पाठ केलं होतं. ते सगळं राहिलं आणि तोंडातून दुसरंच आलं.

"मला विचारलं होतं," मी म्हटलं. "नर्स ताटात घेऊन आली होती. नेणार का म्हणाली. मी नको म्हटलं. कोणाला न विचारता. तू झोपेत होतीस. मला माहीत होतं, आणि तू विचारायचीस तेव्हा मी खोटं बोलायचे."

ती निवडत राहिली.  मग म्हणाली, "तुम्ही पाहिलंत?"

"फडक्याखाली होतं. फडकं जरा सरकलं तेव्हा दिसलं. एवढंसं."

"झाकलं होतं म्हणता?"

"पांढऱ्या फडक्यानं. नीट. आणि ती बाई ताट दोन्ही हातांनी धरून गेली, सांडू नये तसं, हळू."

दामियानानं हातातला बटाटा खाली ठेवला आणि रडायला लागली. जुलैपासून ती रडली नव्हती. आवाज करून रडली, तिची आई आतून धावत आली. "मला वाटायचं," ती म्हणाली, "उघड्यावर टाकलं. रोज वाटायचं, उघड्यावर, थंडीत." मी तिला जवळ घ्यायला गेले, तिनं घेऊ दिलं नाही. दुपारभर माझ्याशी बोलली नाही. ट्रक निघायच्या वेळी मात्र रस्त्यापर्यंत आली आणि म्हणाली, "हे मी विसरणार नाही, दोन्या कासी." मी म्हटलं, विसरू नकोस. ती म्हणाली, "पण पाहणारं कोणीतरी होतं. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं."

नाताळच्या आधी ती स्वतःच खाली आली. वावा तिच्या आईकडे ठेवून आली, उंदीर लागू नये म्हणून टांगून. लगेच सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. चार दिवस बरी असायची, पाचव्या दिवशी दारात कोणाचं तान्हं रडलं की परात सोडून जायची, आणि आता आम्ही तिला जाऊ द्यायचो. आई तिच्यापुढे कोंबडीचं कालवण ठेवायची, न बोलता, सहा महिने उशिरा. सेवेरो एकदा भट्टीत लाकूड सारताना मला म्हणाला, मी असतो तर हो म्हटलं असतं. एवढंच म्हणाला.  पुढे काही वर्षांनी त्यांना मुलगी झाली, तीच आता कोचाबांबात शिक्षिका आहे. लोक दामियानाला म्हणायचे, झालं ना, आता विसर. ती म्हणायची, ही ही आहे, ती ती होती. पण ते नंतरचं.

त्याच्या आधी आलं वडिलांचं तिसऱ्या वर्षाचं टेबल. शेवटचं. ऑक्टोबरात दामियानानं पहाटेपासून वावा केल्या, आणि या वेळी कोणाकडे काही मागितलं नाही. शेवटच्या घाण्यात एक अगदी छोटी निघाली. ती तिनं भट्टीच्या कडेला ठेवली, इतरांपासून वेगळी, आणि तिच्याकडे बघायचं टाळलं. एक नोव्हेंबरला सकाळी आईनं ती उचलली, शालीच्या टोकानं राख झटकली आणि नेऊन वडिलांच्या मोठ्या पावाच्या शेजारी ठेवली. 

दुपारी लोक यायला लागले. घर भरलं. गारांच्या वेळी कुजबुजलेल्या बायकाही होत्या, पाव तर सगळ्यांनाच हवा. निकानोर आजोबा आले. प्रार्थना म्हणण्यात त्यांचा हात धरणारा खोऱ्यात कोणी नव्हता, आणि दारातच टोपी काढून ते नेहमीचा प्रश्न विचारायचे, कोणासाठी म्हणू.

"फ्लोरेन्सियोसाठी," आईनं माझ्या वडिलांचं नाव घेतलं.

दामियाना चिचाच्या घागरीपाशी उभी होती, खाली बघत. मी तिच्याकडे पाहिलं, मग त्या बायकांकडे, आणि म्हटलं, "आणि आमच्या घरच्या लहानग्यासाठी. दामियानाच्या आणि सेवेरोच्या बाळासाठी."

खोलीत चुळबुळ झाली. निकानोर आजोबांनी डोळे वर केले नाहीत. ते म्हातारे, त्यांनी सगळी टेबलं पाहिलेली. म्हणाले, "नाव सांगा. नावाशिवाय कसं म्हणू?"

 मी आईकडे पाहिलं, आईनं सेवेरोकडे, सेवेरोनं जमिनीकडे.

"सिरिला," मागून दामियाना म्हणाली.

विचार करून सुचलेलं नव्हतं ते. हाक मारायची सवय असावी तसं म्हणाली. सेवेरोनं वळून तिच्याकडे पाहिलं, त्यालाही ठाऊक नव्हतं. निकानोर आजोबांनी सुरुवात केली, फ्लोरेन्सियोसाठी आणि सिरिलासाठी, आणि सगळं घर त्यांच्यामागून म्हणायला लागलं, कुजबुजणाऱ्या बायकासुद्धा. दामियानाही म्हणत होती, मोठ्यानं.

मी, गावभर तोंडाळ म्हणून नाव असलेली बाई, मला एक शब्द म्हणता आला नाही. सोळा महिने त्या पोरीला नाव होतं. सोळा महिने आम्ही एका घरात राहिलो, एका परातीत कणीक मळली, आणि आमच्यापैकी कोणी दामियानाला ते विचारलं नव्हतं.